डिप्रेशन आहे, पण कुठलं?

जुनीवही

मागच्या आठवड्यात पाककृतींच्या एका धाग्यावर विषय भलतीकडे गेला आणि कुणीतरी लिहिलं, "माझ्या मैत्रिणीला डिप्रेशनवर जी गोळी लागू पडली, तीच मी भावाला सुरू करायला सांगितली." तिथेच उत्तर देत बसले असते तर बिचाऱ्या गव्हाच्या चिकाचं वाटोळं झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. एका जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत समाजसेविका होते, आता निवृत्त आहे. डॉक्टरांच्या आधी पेशंटला आणि घरच्यांना बसवून सगळी हकीगत केसपेपरवर उतरवायची, हे माझं काम. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. डिप्रेशन हा पोटदुखीसारखा शब्द आहे. पोट दुखतंय एवढ्यावर कुणी थेट ऑपरेशन करत नाही की नुसता ओवा देऊन घरी पाठवत नाही. कुठे दुखतं, कधीपासून, कशाने वाढतं, हे आधी विचारतात. मनाच्या बाबतीत मात्र एकदा नाव कळलं की सगळ्यांना सगळं कळलेलं असतं.

लोक ज्याला डिप्रेशन म्हणतात ते बहुतेक वेळा तीव्र नैराश्य. निदानासाठी जगभर वापरतात त्या डीएसएम या पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) त्याची नऊ लक्षणं आहेत. त्यातली निदान पाच, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज असायला हवीत. आणि त्या पाचांत 'मन खिन्न' किंवा 'कशातच रस नाही' यांपैकी एक तरी हवंच. बाकीची म्हणजे झोप बिघडणं, भूक-वजन बदलणं, थकवा, हालचाली मंदावणं किंवा उगाच येरझारा, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देत राहणं आणि मरणाचे विचार.

पण आमच्याकडे "मला उदास वाटतं" असं म्हणत क्वचितच कुणी यायचं. "अंगात जीवच नाही", "डोकं बधिर झालंय", "हातापायाला मुंग्या येतात", आणि काखेत सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेली जाडजूड फाइल. मी विचारायचे, पहाटे जाग किती वाजता येते? "साडेतीनला टक्क. मग पडून राहायचं. सकाळ अगदी नको होते, दिवेलागणीला जरा बरं वाटतं." भूक मेलेली, लाडका नातू मांडीवर येऊन बसला तरी आत काही हलत नाही. या धाटणीला मेलँकोलिक म्हणतात, आणि इथे बहुधा औषधं लागतातच. याच्या उलटही एक धाटणी असते. माणूस दहा-दहा तास झोपतो, सारखं खातो, हातपाय शिशाचे झाल्यासारखे जड, कुणी जरा टाकून बोललं की दिवस गेला, पण चांगली बातमी आली तर तेवढ्यापुरता खुलतो. घरच्यांना हा आळसच वाटतो.

मग ती चिवट जात, डिस्थायमिया. तीव्रता कमी, पण निदान दोन वर्षं पाठ सोडत नाही. "हे लग्न झाल्यापासून असेच आहेत हो, स्वभावच तसा," हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की केसपेपरवर त्याचा शिक्का करून घ्यायला हवा होता. नोकरी चालू, संसार चालू, म्हणून आजार आहे असं कुणाला वाटत नाही. याच माणसाला मध्येच तीव्र नैराश्याचा झटकाही येऊ शकतो. तो ओसरला की घरचे म्हणतात बरा झाला, आणि तो परत त्याच जुन्या मळभात जाऊन बसलेला असतो.

आता ज्या प्रश्नासाठी धागा काढला तो. आमचे डॉक्टर प्रत्येक नव्या नैराश्याच्या पेशंटच्या घरच्यांना विचारायला लावायचे: याच्या उलट कधी झालं होतं का? झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, डोक्यात नवनव्या योजना, पैसा पाण्यासारखा. असं आठवडाभर, किंवा भरती करावं लागेल इतकं, एकदा जरी झालं असेल तर तो मॅनिया, आणि आजाराचं नाव बायपोलर एक. चार-पाच दिवसांची सौम्य लाट, जी घरच्यांना बरीच वाटते, ती हायपोमॅनिया. तिच्या जोडीला तीव्र नैराश्य असेल तर बायपोलर दोन. बायपोलरच्या पेशंटला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर तो उसळून दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. मैत्रिणीची गोळी भावाला का चालत नाही याचं हे उत्तर.

बाळंतपणानंतरचं, पाळीच्या आधीचं, म्हातारपणीचं वगैरे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. मी अधूनमधून येत राहीन.

चकलीपात्र

वाचतेय. चीक वाचवल्याबद्दल आभार.

व्यवस्थापक

चर्चा चांगली आहे. कुणीही औषधांचे डोस लिहू नयेत. तसे प्रतिसाद काढले जातील.

पिंपळपान

ताई, "याच्या उलट कधी झालं होतं का?" हा प्रश्न आम्हाला कुणी फार उशिरा विचारला.

माझा मोठा भाऊ. बारावीनंतर पहिल्यांदा पडून राहायला लागला. फॅमिली डॉक्टर, मग तज्ज्ञ, गोळ्या, बरा. परत दोन-तीन वर्षांनी तेच. प्रत्येक वेळी डिप्रेशन म्हणून उपचार आणि आम्हीही तेच सांगत राहिलो, कारण डॉक्टरकडे आपण जातो ते माणूस पडलेला असतानाच. तो उत्साहात असायचा तेव्हा घरात सणच असायचा. आई म्हणायची, "माझा दादा परत आला." पहाटे चारला उठून अंगण धुवायचा, सगळ्या नातेवाइकांना फोन, सोसायटीच्या गणपतीची सगळी सूत्रं याच्याकडे. त्याला आजार कोण म्हणेल?

मग एका श्रावणात गोळी वाढवल्यावर तीन आठवड्यांत तो रात्री दोन-दोन तासच झोपायला लागला. एका जमिनीला इसार देऊन आला, मित्राबरोबर ट्रॅव्हल कंपनी काढायचं ठरवलं, गाडी बुक केली, आणि बाबा काही बोलले तर अंगावर धावून गेला. कधी आवाज न चढवणारा माणूस. इसाराचे पैसे बुडाले ते बुडालेच, पण त्याहून वाईट म्हणजे गावभर "वेड लागलं" झालं.

नवीन डॉक्टरांनी दोन तास बसवून आईकडून बारावीपासूनचा आलेख काढून घेतला. वर्षं आडवी, चढ-उतार उभे. ते "गणपतीतले" दिवस त्यावर मांडले तेव्हा डिप्रेशनच्या प्रत्येक दरीच्या आधी नाहीतर नंतर एक टेकाड होतं. बायपोलरवरचं लिथियम सुरू झालं. आज तो नोकरी करतो आणि दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासून घेतो. त्याचं म्हणणं मात्र असं की त्याला त्या टेकाडांची आठवण येते. त्यावर काय बोलायचं मला अजून सुचत नाही.

जुनीवही

पिंपळपान, तो आलेख तुमच्या आईकडून काढून घेणाऱ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. ओपीडीत शंभर माणसं रांगेत असताना हे होत नाही, आणि मग वर्षानुवर्षं निदान हुकतं. म्हणून घरच्यांनीच असा कागद करून न्यावा. तारखा अचूक नसल्या तरी चालतात. "धाकटीच्या लग्नाच्या वेळी", "कोविडच्या दुसऱ्या लाटेत" असं लिहिलं तरी डॉक्टरांना कळतं.

टेकाडांची आठवण बहुतेकांना येते. गोळ्या सुटतात त्या बऱ्याचदा त्यामुळेच. त्यांनी हे डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोलावं. कधीकधी "सपाट वाटणं" औषधांमुळेही असतं, आणि तसं असेल तर त्यात बदल करता येतो.

गोळीवाला

मेडिकल स्टोअर चालवतो, म्हणून लिथियमवर दोन शब्द. जुनं औषध. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने मॅनियासाठी वापरलं, तेव्हापासून टिकून आहे, आणि स्वस्त आहे. पण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर फार कमी. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १ मध्ये ठेवतात, दीडच्या वर गेली की धोका. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. सकाळची गोळी खाऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा उगाच वर दिसतो. थायरॉइड आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची तपासणी) मधूनमधून बघतात.

आता आपल्याकडची भानगड. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. म्हणजे निर्जळी एकादशी, हरतालिका, अळणी सोमवार, वारीतलं ऊन, जुलाब-उलट्या, या सगळ्यांत जपायचं. माझं एक गिऱ्हाईक वारीत पाय दुखले म्हणून रस्त्यातल्या दुकानातून डायक्लोफिनॅक घेत राहिले. पाठदुखीच्या त्या जातीच्या गोळ्यांनी लिथियम आणखी चढतं. परत आले ते हात थरथरताहेत, जीभ जड, तोल जातोय. घरच्यांना वाटलं दमणूक. सुदैवाने मुलगी आधी दुकानात विचारायला आली, मी सरळ दवाखान्यात पाठवलं. तेव्हा दुखण्याची कुठलीही गोळी घ्यायच्या आधी "मी लिथियमवर आहे" हे दुकानदाराला सांगा.

दुसरं, वयात आलेल्या मुलींना बायपोलरसाठी व्हॅल्प्रोएट लिहिलेलं दिसलं तर डॉक्टरांशी गरोदरपणाबद्दल नक्की बोला. बाळाच्या मज्जारज्जूत दोष होण्याचा धोका त्यात जास्त असतो. गोळी आपल्या मनाने बंदही करू नका.

तिसरं म्हणजे माझ्या धंद्याचं दुखणं. तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन "तीच झोपेची गोळी द्या" म्हणणारे रोज येतात. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामने झोप लागते, धडधड थांबते, पण नैराश्य जागच्या जागी राहतं आणि वर सवय लागते.

ठाम_मत

माफ करा, पण प्रत्येक दुःखाला आजाराचं लेबल लावायची ही फॅशन आहे. आमच्या आजीने सात मुलं वाढवली, दोन गमावली, कुठे होतं डिप्रेशन? आणि डिप्रेशनमध्ये मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी असतं ही थिअरी खोटी ठरली म्हणे. मग या गोळ्या कशासाठी? कंपन्यांचे खिसे भरायला?

जुनीवही

ठाम_मत, रागावणार नाही, कारण दोन प्रश्न चांगले आहेत.

२०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून दाखवलं की नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सुसंगत पुरावा नाही. खरं आहे. "मेंदूतलं रसायन कमी झालंय, ते गोळीने भरून काढू" ही समजूत घालायची सोपी पद्धत होती, आणि मीही ओपीडीत ती ऐकलेली आहे. पण औषध उपयोगी पडतं का हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर खरी गोळी आणि खोटी (औषध नसलेली) गोळी यांची तुलना करून मिळतं, आणि तिथे मध्यम ते तीव्र नैराश्यात फायदा दिसतो. फार मोठा नाही, सगळ्यांना नाही, पण दिसतो. सौम्य नैराश्यात गोळी पहिली नकोच, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक सूचनाही सांगते. म्हणजे तुमच्या निम्म्या मताशी मी सहमत आहे.

गोव्याचं उदाहरण देते. तिथल्या संगत संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ पेशंटांवर प्रयोग केला, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, गावातल्याच पण प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी सहा-आठ भेटी द्यायच्या. गप्पा जुन्या जखमांच्या नाहीत. उद्या काय करणार, कितीला उठणार, बाजारात कोण जाणार, पूर्वी भजनाला जायचात ते परत कधी. नैराश्यात माणूस आधी बरं वाटेल मग उठेन म्हणतो, इथे आधी उठायचं. नेहमीच्या उपचारांत याची भर घातलेल्यांना तीन महिन्यांनी जास्त आराम होता. एकही गोळीची कंपनी यात नाही.

आजीबद्दल. दोन मुलं गेल्यावर रडणं हे दुःख, ते आजार नाही. दुःखात लाटा येतात, मध्ये माणूस हसतोही, आणि स्वतःची किंमत शून्य झालीय असं त्याला वाटत नाही. पण आजी कधी "अंगात आल्या"सारखी पडून राहायची का, वर्षभर देवघरातून बाहेर यायची नाही का, हे कुणी आजाराच्या नजरेने पाहिलं नसेल इतकंच.

ठाम_मत

आजोबांची बहीण दोन वर्षं माडीवरून खाली उतरली नव्हती. तिला "बाहेरचं झालंय" म्हणायचे. असो.

वऱ्हाडीबाणा

आमच्या विदर्भाचंही सांगतो. इथं आत्महत्या म्हटली की कर्ज अन् पाऊस, एवढ्यावरच चर्चा संपते. कर्ज आहेच, ते कोणी नाकारत नाही. पण कर्ज शेजारी-शेजारी दोघांवर असते, त्यातल्या एकाची तीन महिन्यांपासून झोप उडालेली असते, पारावर येणं बंद, दारू वाढलेली, बैलाकडेही पाहत नाही. त्याला कोणी विचारत नाही.

विश्राम नावाचा एक कार्यक्रम झाला इकडं, ३० गावांत. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलायचं, गरज पडली तर डॉक्टरपर्यंत न्यायचं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक कुठलीतरी मदत घेत होते, दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेलं. लॅन्सेटच्या मानसोपचार अंकात आलं आहे. मला त्यातला पहिलाच आकडा लागला. शंभरातले शहाण्णव घरीच.

देशाचं मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण झालं २०१५-१६ मध्ये, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं केलं, १२ राज्यांत. त्यातही नैराश्यवाल्यांपैकी साधारण ८५ टक्के उपचाराबाहेर. अन् त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच!

निद्रानाशिनी

सहा महिन्यांची लेक मांडीवर झोपलीय, एका हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पाळण्याची दोरी तुटली म्हणून हमसून रडले होते. आई म्हणाली होतं असं, आणि खरंच आठवड्याभरात गेलं. पण बारसं झालं, पाहुणे गेले, आणि मग दुसरंच सुरू झालं. मुलगी झोपली तरी मला झोप नाही. डिंकाचा लाडू घशाखाली उतरेना. तिच्याकडे बघून काही वाटायचंच नाही, आणि वाटत नाही याची इतकी लाज की कुणाला सांगायचं? सगळे म्हणणार, एवढी गोड पोर आणि ही तोंड पाडून बसलीय. लसीकरणाला गेले तेव्हा तिथल्या सिस्टरने दहा प्रश्नांचा कागद भरायला दिला. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल होता. मी पेन खाली ठेवलं तेव्हा तीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

दूध पाजत असताना चालणारी गोळी दिली, आणि रात्रीचं एक फीड नवऱ्याकडे, म्हणजे मला सलग पाच तास झोप. कशाने जास्त फरक पडला ते सांगता येणार नाही, पण झोपेला मी झुकतं माप देईन.

जुनीवही

निद्रानाशिनी, हात रिकामा नसताना इतकं लिहिलंत. तो कागद एडिनबरा प्रश्नावली, १९८७ पासून वापरात आहे. प्रत्येक लसीकरण केंद्रावर असायला हवा, असतो थोड्याच ठिकाणी.

बाकीच्यांसाठी थोडी भर. पहिल्या काही दिवसांतलं रडू ही बऱ्याच बाळंतिणींची गोष्ट, साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. म्हणजे बारसं झालं तरी तसंच असेल तर विचारायचं. आणि तिसरा प्रकार दुर्मीळ, हजारात एक-दोन, पण तो दिसला की तासाभराचीही वाट बघायची नाही. बाळंतीण दोन-तीन रात्री झोपलेलीच नाही, असंबद्ध बोलतेय, बाळ बदललंय म्हणतेय, कुणीतरी काही करणार आहे म्हणतेय. हा बाळंतपणानंतरचा सायकोसिस. बाळ आणि आई एकटे ठेवायचे नाहीत, थेट इस्पितळ. दृष्ट काढण्यात रात्र गेली अशा केसेस मी पाहिल्यात. आधी बायपोलर असलेल्या बाईला याचा धोका बराच जास्त असतो, म्हणून ते गरोदरपणातच प्रसूतितज्ज्ञाला सांगून ठेवावं.

डुआयडी_तात्पुरता

नेहमीच्या आयडीने लिहायचं धाडस नाही.

माझं वेळापत्रक ठरलेलं असायचं. महिन्यातले आठ-नऊ दिवस मी नवऱ्याला सोडून जायचं ठरवायची, नोकरीचा राजीनामा लिहायची, बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मीच चकित. पीएमएस, म्हणजे पाळीआधीचा त्रास, सगळ्यांनाच असतं म्हणून गप्प. एका बाईंनी दोन महिने रोज रात्री मूडला आकडा द्यायला सांगितला, कॅलेंडरवर, पाळीच्या तारखांसकट. दोन्ही महिन्यांत तोच खड्डा, त्याच जागी. त्याला पीएमडीडी म्हणतात आणि डीएसएमच्या त्याच २०१३ च्या आवृत्तीत तो नैराश्याच्या विकारांत धरलाय, हे तेव्हा कळलं. यात काहींना गोळी फक्त त्या पंधरवड्यापुरती घेऊनही चालते. मला तसंच दिलंय.

राजीनामे अजून ड्राफ्टमध्ये आहेत, एकूण तारखा बघितल्या तर हसू येतं.

उत्तरायण

स्टॉकहोमहून. इथे डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि पावणेतीनला मावळतं. पहिल्या हिवाळ्यात मजा, दुसऱ्या हिवाळ्यात मी दुपारी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून झोपायला लागलो. भात, ब्रेड, बटाटा, मिळेल ते खात सुटलो. ताईंनी लिहिलेली ती उलटी धाटणी. मार्च आला की आपोआप बरा. घरी फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "थंडीत सगळ्यांनाच झोप येते."

ऋतूशी बांधलेल्या या नैराश्याचं वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेनथाल यांनी केलं. उपाय म्हणजे १०,००० लक्सचा दिवा, सकाळी उठल्याउठल्या अर्धा तास, डोळ्यांत थेट न बघता शेजारी ठेवायचा. मी त्यासमोर बसून पोहे खातो. एक इशारा: दिव्यानेही बायपोलरवाल्यांची लाट उसळू शकते, तेव्हा ऑनलाइन मागवून स्वतःच सुरू करू नका.

मावळतीकर

बाबा ७४ वर्षांचे. आई गेल्यावर वर्षभराने विसरायला लागले, बोलणं कमी, आंघोळ टाळायची. आम्ही डिमेन्शिया गृहीत धरला. तज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना ते "माहीत नाही" एवढंच म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंशाचा पेशंट चुकीचं का होईना उत्तर रेटून देतो, हे प्रयत्नच करत नाहीत. नैराश्य निघालं. त्याआधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी१२ करून घेतलं होतं. बी१२ तळाला होतं, जन्मभर शाकाहारी.

गोळी सुरू झाली, आणि पंधरा दिवसांत बाबा एकदम गोंधळले, चालताना पडले. रक्तातलं सोडियम ११८ पर्यंत उतरलेलं! बीपीची लघवी जास्त होणारी गोळी आणि ही गोळी, दोन्ही मिळून. भरती केलं, औषध बदललं, आता ठीक आहेत, रोज सकाळी कट्ट्यावर जातात. तेव्हा सत्तरीच्या पुढच्यांना या गोळ्या सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत सोडियम बघून घ्या, आणि बीपीच्या गोळ्यांची पट्टी दाखवायला सोबत न्या.

जुनीवही

फार महत्त्वाचं लिहिलंत. म्हातारपणी आणखी एक रूप दिसतं, भ्रमासकट येणारं. एका आजोबांचं पासबुक भरलेलं होतं, मुलं तालेवार, आणि ते म्हणायचे आपण भिकेला लागलो, मला जेवायला वाढू नका. पासबुक दाखवलं तर म्हणायचे बँक फितूर आहे. अशा नैराश्यात शॉक ट्रीटमेंट फार चांगली लागू पडते. सिनेमात दाखवतात तसं काही नसतं. भूल देऊन, स्नायू सैल करून करतात, आणि भुलीशिवाय करायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे. उपचारांच्या आसपासचं काही विसरायला होतं, हा तोटा खराच. ते आजोबा डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डबॉयला चहाला पैसे देऊन गेले.

हिशेबनीस

त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरायला सांगितलंय. पण बहुतेक पॉलिसी भरती झालं तरच पैसे देतात, ओपीडी आणि समुपदेशन खिशातून. पॉलिसी घेताना आजार लपवू नका, नंतर क्लेम तिथेच अडतो.

सांजपाखरू

सगळा धागा वाचला. तो गोळी-भावाचा प्रतिसाद माझाच होता. गोळी त्याने घेतलेली नाही, कारण तो काहीच घेत नाही. डॉक्टर म्हटलं की दार लावून घेतो. मावशी म्हणते चहात घालून द्या. दोन दिवसांपूर्वी म्हणाला, मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं. काय करू?

जुनीवही

सांजपाखरू, चहात नको. कळलं की घरच्या अन्नावरचाही विश्वास उडतो, मग काहीच हाती राहत नाही.

आधी ते वाक्य. आज रात्री त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला, किंवा कसं-कधी ठरवलंय असं दिसलं, तर त्याला एकटं सोडू नका. घरातली औषधं, फवारणीची वगैरे, दुसरीकडे हलवा आणि त्याच रात्री इस्पितळ गाठा. तेवढं नसेल तर आत्ता १४४१६ लावा. टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. घरच्यांनी लावला तरी चालतो.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा तुम्हीच जा, त्याच्याशिवाय. न बघता ते गोळी लिहून देणार नाहीत, पण त्याला कसं आणायचं ते सांगतील. "झोपेसाठी दाखवू" एवढ्यावर पुष्कळ जण तयार होतात आणि ते खोटंही नसतं. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालय, किंवा ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी यांपैकी जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय. ओपीडीत दाखवलं म्हणजे भरती करतात असं नाही. कुठे राहता?

सांजपाखरू

चिपळूणजवळ. काल रात्री विचारलं. खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला विचार येतात पण करणार नाही. १४४१६ वर मी बोलले, नंतर फोन त्याच्याकडे दिला, त्याने दहा मिनिटं धरला. मंगळवारी "झोपेसाठी" यायला तयार आहे. सोबत काय नेऊ?

पिंपळपान

आईला बसवून तो आलेख करा. उत्साहाचे दिवसही आठवा, नुसते पडलेले नकोत.

जुनीवही

मंगळवारपर्यंत रात्री त्याच्या खोलीत कुणीतरी झोपा, आणि बोलणं बदललं तर मंगळवारची वाट बघू नका. सोबत जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, टीएसएच केलं असेल तर तो रिपोर्ट, सध्या कुठलीही गोळी चालू असेल तर तिची पट्टी, दारू-तंबाखू किती ते खरंखरं, आणि आजोळी-घरी कुणाला "वेड", "बाहेरचं" किंवा आत्महत्या झाली असेल तर तेही लिहून न्या. ओपीडी सकाळची असते, केसपेपरची खिडकी लवकर बंद होते. नऊच्या आत पोचा.